रेघ मारायची नाही

शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या टॉवरची लिफ्ट मजला आला की टिंग करते. सगळ्याच लिफ्ट करतात. पण त्या टिंगवर चिडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच मजल्यावर राहतो. टिंग झालं की खांबेटेकाका समोर बघत म्हणतात, "बेसूर." रोज, जाताना आणि येताना, सोबत कोणी असो वा नसो. एकदा वरच्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ लिफ्टमध्ये होते. ते दचकून म्हणाले, "सॉरी?" काका म्हणाले, "नॉट यू, हबीबी. द लिफ्ट."

मेंटेनन्सच्या माणसाकडे त्यांनी घंटी जरा चढी करून मागितली होती. तो बिचारा मान वर करून बराच वेळ लिफ्टच्या छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इन्शाल्ला, सर." तेव्हापासून काका त्याच्यावरही चिडून आहेत.

काका जबल अलीतल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहेत. शारजाहून रोज अख्खी दुबई ओलांडून जबल अलीला गाडी चालवत जाणारा माणूस शांत राहूच शकत नाही, हे मला मान्य आहे. पण काका रस्त्यावरचा राग घरी आणतात, घरचा गोदामात नेतात आणि उरलेला आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये वाटतात. 'ह्याला अक्कल कोणी शिकवली?' हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ट्रकवाल्यांना, बातम्या देणाऱ्यांना आणि मायक्रोवेव्हला सारखंच लागू होतं.

मीही काही गरीब गाय नाही. मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. दिवसभर माणसं मला फोन करून सांगतात, 'मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.' संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याची शिट्टी झालेली असते. त्यात खांबेटेकाका मला माझ्या नावाने हाक मारत नाहीत. 'आयटी' म्हणतात. "काय गं आयटी, आज तुझं इंटरनेट झोपलंय का?" जणू ते मीच पाण्याच्या टाकीसारखं गच्चीवरून सोडते.

त्यांच्यावर माझा आणखी एक राग होता, आणि तो जरा खोल होता. कामावरून आल्यावर काका सरळ घरी जायचे नाहीत. बेसमेंटमध्ये गाडी लावून एसी चालू ठेवून आतच बसायचे. स्टीअरिंगला टेकवलेला लॅपटॉप, कानात इअरफोन, कपाळावर आठ्या. आमचा पठाण वॉचमन मला हळूच सांगायचा, "मॅडम, अंकल का घर में फिर झगडा हुआ."

आता शुभाकाकूंशी, म्हणजे काकांच्या बायकोशी, कोण भांडेल? दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलता येतं, तेवढंच. त्याआधी मंडळाची दिवाळी पहाट काकूंच्या आलापानेच सुरू व्हायची. ही पहाट आमच्याकडे दिवाळीनंतरच्या रविवारी, शाळेचा हॉल मिळेल तेव्हा होते, पण काकू गायला लागल्या की ती खरोखरची पहाट वाटायची. अशा बाईला एकटं घरी ठेवून हा माणूस खाली गाडीत बसतो, याची मला चीड होती. एकदोनदा मी लिफ्टमध्ये त्यांना नमस्कारही केला नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते घंटीवर चिडण्यात गुंतले होते.

यंदा मंडळाने मुलांचा वाद्यवृंद काढायचं ठरवलं. माझी इरा व्हायोलिन वाजवते. इथली सगळी मुलं शाळेत इंग्रजी पद्धतीने पाच रेघांवरचे ठिपके वाचायला शिकतात. मी तिला सारेगम लिहून दाखवलं तर म्हणाली, "मम्मा, धिस इज नॉट म्युझिक, धिस इज स्पेलिंग." तेव्हा काका मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "मी लिहितो ह्यांच्या भाषेत. सुरुवातीचा आलापही मुलंच वाजवतील." वयाच्या साठीला टेकलेला माणूस व्हिडिओ बघून नोटेशनचं सॉफ्टवेअर शिकला. त्याबद्दल मात्र मी मनातल्या मनात त्यांना मानलं. उघड मानायची सोय नव्हती, लगेच चिडले असते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, दारावर थापा पडल्या. बेल असताना थापा, म्हणजे काकाच.

"आयटी, चल. फाईलने जीव दिला."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. गाण्यांचे कागद छापून झाले होते. आलापाची फाईल मात्र उघडायला गेलं की अर्धं पान दिसायचं, पडदा गोठायचा आणि सगळं गायब. संध्याकाळी शेवटची तालीम होती आणि मुलांच्या हातात आलापाचा कागद नव्हता.

"तुम्ही शेवटचं काय केलंत?"

"काही केलं नाही. आपोआप बंद पडलं."

मी मनात दहा आकडे मोजले. "बॅकअप?"

"घेतो ना. रोज घेतो. ह्याच फाईलवर."

"काका, त्याला बॅकअप म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात ते सांग आणि दुरुस्त कर. यल्ला, लवकर."

मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. माझ्या लॅपटॉपवर फाईल उघडून बघितली. तिथेही तेच. काका मागे येरझारा घालत होते. "ह्याला अक्कल कोणी शिकवली? काल संध्याकाळपर्यंत उघडत होती. मी शेवटची ओळ लिहिली आणि झोपली." मी म्हटलं, "तुम्ही एका जागी बसलात तर बरं होईल." ते म्हणाले, "माझं घर आहे." मी म्हटलं, "मग तुम्हीच करा दुरुस्त." ते बसले.

अशा फाईलच्या पोटात बहुतेक वेळा साधा मजकूर असतो. तो बाहेर काढून वाचायला लागले आणि मला आजार सापडला. या पद्धतीत ठरावीक मात्रा झाल्या की उभी रेघ मारायची असते. दोन रेघांमधलं घर म्हणजे एक बार. कागदाच्या एका ओळीत असे तीन-चार बार बसतात. काकांनी अख्खा आलाप एकाच बारमध्ये लिहिला होता. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मध्ये रेघच नाही. रोज त्यात भर घालत गेले, आणि काल ते घर इतकं लांबलं की सॉफ्टवेअरला ते कुठल्याच ओळीत बसवता येईना.

"काका, हे काय आहे? एवढा मोठा बार कोणी करतं का?"

"आलाप आहे तो. आलापाला ताल नसतो. रेघ कशाची मारणार?"

"पण मशीनला रेघ लागते."

"मग मशीनला गाणं कळत नाही."

"मशीनला कळायची गरज नाही, मुलांना वाचता आलं पाहिजे. मी दर चार मात्रांनी कापते. पाच मिनिटांचं काम आहे."

काका ताडकन उठले. चेहरा लाल. "हात लावायचा नाही. चार मात्रांनी कापते म्हणे. भाजी आहे का ती? एक रेघ मारायची नाही."

मग माझंही डोकं फिरलं. "तर मग उद्या तुमचा आलाप होणार नाही. खलास. मुलं इतके आठवडे थांबलीत, आणि तुम्हाला रेघेचा राग येतो. कुठल्या गोष्टीचा राग येत नाही तुम्हाला? घरी बायको एकटी असते आणि तुम्ही खाली गाडीत जाऊन बसता. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. मी पहिल्यांदाच काकांना न ओरडता उभं असलेलं पाहिलं.

स्वयंपाकघरातून शुभाकाकू चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या कुजबुजल्या, "गाडीत काय करतात ते मला माहीत आहे. माझं रेकॉर्डिंग ऐकतात."

काका त्यांच्याकडे वळले. "तुला कसं कळलं?"

"रविवारी दिवसभर तुमचा फोन माझ्याच हातात असतो की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधीच्या दिवाळीचं आहे. माझ्यासमोर लावत नाहीत. मला त्रास होईल म्हणून. त्यावरून एकेक सूर उतरवत होते."

मी पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. त्या लांबलचक बारमध्ये काकांनी बारीकसारीक सगळं लिहिलं होतं. कुठे सूर थरथरला, कुठे किंचित उतरला, कुठे मध्ये अगदी लहानशी शांतता. मला वाटलं होतं, त्या शांतता म्हणजे चुकून पडलेले विराम आहेत.

"इथे रेघ मारली की तो तुटतो," काका खालच्या आवाजात म्हणाले. राग तसाच होता, फक्त आवाज गेला होता. "तिचा एक सूरही मी तुटू देणार नाही."

काकूंनी खुर्ची ओढली. "लावा फोनवर."

"शुभा, नको."

"लावा म्हणते ना."

काकांनी लावलं. मीही तो आलाप दोन वर्षांनी ऐकत होते. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी एक बोट उचललं. "इथे मी श्वास घेतला होता. इथे मार रेघ." पुन्हा आलाप, पुन्हा बोट. "इथे." एका ठिकाणी त्यांनी भुवया उडवल्या. "इथे घ्यायला नको होता. दम संपला होता. पण मार."

त्या बोट उचलत होत्या आणि मी रेघ मारत होते. एक बार लांब, एक आखूड, एक अगदी दोन सुरांचा. प्रत्येक बारची लांबी वेगळी ठेवली तरी सॉफ्टवेअरची काही तक्रार नव्हती. शेवटची रेघ मारली, फाईल उघडली, आणि उघडलेलीच राहिली. काका पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "फॉन्ट लहान आहे." आणि चष्मा काढून आत गेले.

तालमीत इराने विचारलं, "अंकल, व्हाय आर द बार्स ऑल डिफरंट?" काका तिच्यावर खेकसले, "कारण माणूस मशीन नाही. रेघ आली की तारांवरून बो उचलायचा आणि श्वास घ्यायचा. सगळ्यांनी. नाहीतर घरी जा."

रविवारी मुलं वाजवत होती तेव्हा मी स्टेजकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघत होते. मुलांचे बो उचलले गेले की काकूंचे खांदे श्वासाबरोबर वर यायचे. काका बाजूला उभे राहून माईकवाल्याशी हातवारे करून भांडत होते, पण पाठ स्टेजकडे करून. तिकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

परत आलो तेव्हा लिफ्टमध्ये आम्ही चौघंच होतो. ते दोघं, मी आणि इरा. आमचा मजला आला, टिंग झालं, आणि मी सवयीने काकांची वाट पाहिली. ते दाराकडे बघत गप्प होते.

मागून काकूंची कुजबुज आली. "बेसूर."

काकांनी मान वळवली नाही. "तिचंच आहे ते, आयटी," ते म्हणाले. "रोज तीच म्हणायची. दोन वर्षं मी आपला तिच्या वतीने ओरडतोय." मग दार अडवून उभ्या असलेल्या इरावर ते खेकसले, "उतर आता. यल्ला. काकूला आधी जाऊ दे."