केसरीनाथच्या चारित्र्याची चौकशी

पुढची हकिगत कुणाला पटायची नाही. भल्याभल्यांनी ती ऐकून मान हलवली आणि चहा संपवून उठून गेले. पण कल्याणजवळच्या कोन गावात असा एक माणूस आहे, ज्याच्या नावावर पोलिसांना एकही गुन्हा सापडेना आणि गावाला मात्र तीन सापडले. ते तिन्ही गुन्हे गावाला त्या माणसानंच पुरवलेले होते.

त्याचं नाव केसरीनाथ, वय अडुसष्ट. उभा जन्म पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेला, म्हणजे बिघडलेला लूम कान लावून ऐकायचा आणि ताळ्यावर आणायचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी सुरतेला दिलेली. हाताशी राहिलेला उद्योग एकच, थापा मारणं. त्यात त्याचा हात धरणारा कल्याणपासून वज्रेश्वरीपर्यंत कुणी नव्हता. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे थाप एकाला मारली तरी अर्ध्या गावाला लागायची.

पण गाव ते गाव. सगळ्या थापा सगळ्यांना पाठ. केसरीनाथनं तोंड उघडलं की काळूराम चहावाला पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचा. नवे कान मिळायचे ते फक्त गुरुवारी. गावाबाहेर अंध मुलांची निवासी शाळा होती. तिथं तो दर गुरुवारी दुपारी तासभर गोष्टी सांगायला जायचा. बत्तीस मुलं, चौसष्ट कान. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्याला नुसते वाटेत आडवे यायचे.

एका गुरुवारी मुख्याध्यापिका सुचेता मॅडमनी त्याला फाटकातच थांबवलं.

"केसरीनाथकाका, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणा. मग आत."

"माझा? मॅडम, सात वर्षं येतोय मी."

"स्वयंपाकाच्या बाईंनी आणला, ड्रायव्हरनं आणला, मी स्वतः आणला. आपल्या मुलांना समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, काका. ते आपणच बघायला नको?"

बोलणं खरं होतं, आणि खऱ्या बोलण्याला तोंड द्यायचा केसरीनाथला सराव नव्हता.

"महिनाअखेर दाखला नाही आला, तर तुमचा गुरुवार दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "एक बाई योगासनं शिकवायला तयार आहेत."

केसरीनाथ तसाच सायबर कॅफेत गेला. अर्जात 'यापूर्वी अटक झाली आहे काय' असा रकाना होता. तिथं 'नाही' म्हणताना त्याची जीभ एवढी जड झाली की कॅफेवालीला तीनदा विचारावं लागलं.

चौकशीला अवधूत नावाचा हवालदार आला. नाशिककडून नुकताच बदलून आलेला. तो नेमका अशा दिवशी आला की केसरीनाथ वज्रेश्वरीच्या गरम कुंडाशी गुडघे शेकत बसला होता. घराला कुलूप बघून अवधूत काळूरामच्या टपरीवर आला.

"इथं केसरीनाथ म्हणून राहतात. माणूस कसा आहे?"

काळूरामला वाटलं, आपल्या मैतराचं काहीतरी भलं व्हायच्या बेतात आहे, आपण कमी पडता कामा नये.

"कसा हाय म्हनून काय इचारता, साहेब? गावाचं नाव हाय. ठाण्याच्या जेलात दीड वरीस काढलंय त्यानं."

अवधूतनं पेन काढलं. "कशाबद्दल?"

"फौजदाराच्या कानफटात मारली म्हनून. एकच मारली, पन टोपी खाडीपल्याड गेली."

"आणि दीड वर्षानं सुटले?"

"सुटतो कुठला? पळाला. म्हशीच्या शेपटाला धरून खाडी पोहला आनि पल्याड अंजूरला निघाला. त्या म्हशीची नात अजून हाय गावात. दाखवू?"

केसरीनाथ ज्या कारखान्यात होता त्याचे मालक फखरुद्दीनशेठ बाकड्यावर बसले होते. त्यांना राहवेना.

"हवालदारसाहेब, मेरा भी लिखो. यानं माझा लूम चोरलेला. चालू लूम. बैलगाडीवर टाकून नेला, तरी चालूच. कोनपासून अंजूरपर्यंत रस्त्यावर कापड पडत गेलं. आम्ही घड्या घालत घालत त्याच्यापर्यंत पोचलो."

"बैलगाडीवर वीज कुठून आली?"

"ते त्याला विचारा. हुशार आदमी आहे."

"मग तक्रार नाही केली?"

"माफ केलं मी त्याला," शेठ दाढीवरून हात फिरवत म्हणाले.

अवधूतनं सगळं लिहून घेतलं, खाली दोघांच्या सह्या घेतल्या. दोघांनीही आपण मित्रासाठी काहीतरी केलं या समाधानात आणखी एकेक कटिंग घेतला.

दोन दिवसांनी केसरीनाथला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. अवधूतनं जबाब वाचून दाखवला. शासकीय भाषेत आपल्या थापा ऐकताना केसरीनाथला आधी थोडा अभिमान वाटला, मग घाम फुटला.

"साहेब, ह्यातलं कायच घडलेलं न्हाय."

"हे कोण सांगतंय?"

"मी."

"आणि हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

केसरीनाथनं पंख्याकडे पाहिलं. "ते पन मीच."

"मग मी कुठल्या केसरीनाथवर विश्वास ठेवू?" अवधूतनं कागद मिटले. "संगणकावरची नोंद येईल. पण जबाब तुमच्याविरुद्ध आहेत. त्याच दोघांना घेऊन या. तुम्ही थापाडे आहात असं त्यांनी लिहून द्यावं."

केसरीनाथ आधी टपरीवर गेला. काळूराम ऐकेचना.

"तुला थापाड्या म्हनू? लोक जेल फोडलेला मानूस बघाला माझ्या टपरीवर येतात."

"आरं, आपन एका गल्लीत वाढलो. मी कवा गेलतो जेलात? दीड वरीस दिसलो न्हवतो का मी तुना?"

"दिसत होतास. पन मी म्हनलं, जेलात हाय म्हनतोय तं असंल. मैतरावर भरवसा नको ठेवाला?"

तिथून तो फखरुद्दीनशेठकडे गेला.

"केसरी, तीस वर्षं मी लग्नात, मय्यतीत, जिथं तिथं सांगतोय की अशा चोराला मी माफ केलं," शेठ म्हणाले. "लोक मला भांडणं मिटवायला बोलावतात ते त्या एका माफीवर. आता म्हणू चोरीच झाली नाही? मग मी माफ काय केलं?"

"शेठ, लूम रोज तुमच्या डोळ्यांसमोर होता."

"होता ना. तू परत आणून ठेवलास असं धरून चाललो."

केसरीनाथ पायरीवर बसला. मग त्यानं जे सांगितलं त्यात एक अक्षर वाढवलं नाही. "शेठ, गुरुवार गेला तं माझ्याकडं काय उरत न्हाय. घरात चार भिंती हायत, त्यांना सगळं सांगून झालंय."

आतून शेठच्या बायकोचा, कुबराबींचा आवाज आला. "तुमची ती माफी मी तीस वर्षं ऐकतेय. मी तुम्हाला काय काय माफ केलंय ते सांगायला बसू? उठा, लिहून द्या त्याला."

शेठ उठले. शेठ निघालेले पाहून काळूरामनंही टपरी बंद केली.

पोलीस ठाण्यात मात्र एकदा सुरुवात झाल्यावर दोघे थांबेनात.

"लिहा साहेब, पक्का थापाड्या," काळूराम म्हणाला. "खाडी सोडा, हा वज्रेश्वरीच्या कुंडात गुडघ्याच्या वर उतरत न्हाय."

"फौजदार सोडा, होमगार्ड दिसला तरी सलाम ठोकतो," शेठ म्हणाले. "पाल दिसली की खुर्चीवर."

"स्टुलावर," काळूरामनं दुरुस्ती केली. "खुर्ची हालते म्हनून तिला पन भितो."

केसरीनाथ कोपऱ्यात ऐकत बसला. जन्मभर कमावलेलं दहा मिनिटांत गेलं. तेवढ्यात अवधूतनं संगणकावरून मान वर केली.

"नोंद आली. तुमच्या नावावर काही नाही."

"कायच न्हाय?" केसरीनाथ जागचा उठला. "नीट बघा, साहेब. एकदा दिव्याबिगर सायकल चालवली म्हनून मना नाक्यावर शिट्टी मारलेली."

"शिट्टीची नोंद नसते, काका."

दाखला निघाला. सुचेता मॅडमनी तो दोनदा वाचला, फायलीला लावला आणि फाटक उघडलं. हुकलेल्या दोन गुरुवारांनंतर केसरीनाथ पुन्हा त्या बत्तीस मुलांपुढे बसला. पहिल्या रांगेतल्या नऊ वर्षांच्या सईनं लगेच विचारलं, "आजोबा, कुठं होतात? पोलिसांनी धरलं होतं का?"

चाळीस पोलीस, दोन जीपगाड्या आणि एक कुत्रा केसरीनाथच्या जिभेवर येऊन उभे राहिले. पण दारात मॅडम उभ्या होत्या, आणि दाखल्याची शाई अजून ताजी होती. त्यानं सगळ्यांना माघारी पाठवलं.

"न्हाय, बाळा. पोलिसांना माझ्याबद्दल वाईट कायच सापडलं न्हाय. मी आपला साधा मानूस. अडतीस वर्षं एकाच कारखान्यात कामाला होतो. कुनाशी भांडन न्हाय. आनि एकदासुद्धा ड्युटीला उशिरा गेलो न्हाय."

मागच्या रांगेतून जांभईचा आवाज आला. केसरीनाथला वाटलं, गेले हे कानही.

सईनं जरा विचार केला.

"अडतीस वर्षांत एकदाही उशीर नाही?" ती म्हणाली. "आजोबा, थोडी तरी खरी वाटेल अशी मारा."