नापास जमिनीचे मालक

नोकरीतून निवृत्त झालेली माणसे सहसा पारावर किंवा टीव्हीसमोर बसतात. मुकुटबनचे उत्तमराव खड्ड्यासमोर बसत. हातभर खोल खड्ड्यात पाणी ओतायचे, प्लास्टिकची पट्टी उभी करायची, छत्री उघडायची आणि पाणी जमिनीत मुरताना टक लावून पाहायचे. चेहऱ्यावर भाव क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याचा.

ही विद्या त्यांनी माझ्याकडून उचलली. भूशास्त्राची पदवी घेऊन मी झरी जामणी तालुक्यात सेप्टिक टँकसाठी जमीन पारखण्याचे काम करीत होते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीने गाळून घ्यायचे असते. माती चिकट असली तर ते अंगणात वर येते. फार पोकळ असली तर न गाळताच शेजारच्या विहिरीत जाते. कापसाने दगा दिलेली ती वर्षे. रोज कुठले ना कुठले पथक पाहणीला येई, त्यामुळे मी शौचालयाबद्दल विचारले तरी लोक सवयीने एकरी कापूस सांगत. माझा प्रश्न पुरता ऐकून घेणारे उत्तमराव पहिले.

“आपल्याले तं संडासच पायजे, मॅडम,” ते म्हणाले. “पोरगा हैदराबादले हाय. सून म्हणते, संडास झाल्याबिगर गावात पाय नाही ठेवत. नातीले म्या फोटोतच पाह्यलं.”

हयात एसटीत कंडक्टरी करण्यात गेलेली. पाण्यालाही ते गाडीच समजत. भरभर उतरले तर ‘विनाथांबा’, अडून बसले तर ‘पंचर’. शेजारच्या सुमनबाई कुंपणावरून विचारीत, “काहो कंडक्टर, पान्याचं बी तिकीट फाडता का? माही कोंबडी रोज तुमच्या खड्ड्यात पडून राह्यली.”

“कोंबडीले सांगा, पुढं सरक,” उत्तमराव मान न वळवता उत्तर देत.

पहिली चाचणी पुढच्या अंगणात झाली, भर मे महिन्यात. काळ्या मातीला भेगा पडलेल्या. पाणी घटाघटा आत गेले. उत्तमरावांनी तेवढ्यावर मिस्त्रीला निरोपही धाडला. मी म्हटले, खड्डा रात्रभर भिजत ठेवा, मग मोजू. सकाळी माती फुगून भेगा मिटल्या होत्या आणि पाणी जागच्या जागी उभे होते.

“फेल?”

“फेल.”

इतक्या प्रसन्न मुद्रेने नापास होणारा माणूस मी पाहिला नव्हता. मागच्या बाजूला मुरूम होता, पण तो विहिरीच्या अगदी कडेला. तीही जागा मी नाकारली. उत्तमरावांनी मला चहा पाजला आणि तेवढ्या उत्साहात गावची जमीन तपासायला घेतली. सुमनबाईंच्या पुतणीच्या लग्नात मांडवासाठी खणलेल्या खड्ड्यांत बादल्या रिकाम्या करून त्यांनी ‘पंचर’ असा निकाल दिला. खांब चिखलात कसे रोवायचे, हा प्रश्न वधूपित्याकडे सोपवून ते घरी आले.

तिसरी जागा गोठ्यामागची. विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला, माती मध्यम. भिजवून पाहिली, दोनदा मोजली. पाणी जसे उतरायला हवे तसे उतरत होते.

“पास,” मी म्हणाले. मलाही यश हवेच होते.

उत्तमराव पट्टीकडे पाहत राहिले. “अजून एकडाव भरून पाहू.”

“गरज नाही, काका.”

“आता तं बोलवा पोराले,” सुमनबाई कुंपणावरून म्हणाल्या. “का अजून चंद्रावरची माती पाह्यची हाय?”

त्या आत जाईपर्यंत उत्तमरावांनी छत्री मिटली नाही. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, मागच्या महिन्यात पोरगा हितं जवळच, पांढरकवड्याले आलता. दोस्ताच्या लग्नाले. तिथूनच वापस गेला. म्या मनाले म्हटलं, बराबर हाय, लेकरू घेऊन हितं कसा येईन, संडास नाही. आता तुमी पास करून राह्यल्या. याच्यापुढं म्या मनाले काय सांगू?”

मी वाळूची टक्केवारी सांगू शकत होते. तेवढेच मला येत होते. मी पट्टी खड्ड्यातून काढली आणि म्हटले, “पावसाळ्यात भूजल वर येतं. ते किती वर येतं, हे पाहिल्याशिवाय अंतिम निकाल देता येत नाही.” हे शास्त्राला धरून होते. एरवी त्यासाठी मी कोणाचे काम अडवले नसते.

“म्हंजे दिवाळीलोक थांबा लागते?”

“थांबावं लागेल, दिवाळीपर्यंत.”

त्यांनी लगेच मोबाईल काढला आणि अंगणाच्या मधोमध उभे राहून, सुमनबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, मुलाला सांगू लागले, “अरे, मॅडमनं रोखून ठेवलं. खालच्या पान्याचा सवाल हाय, गावाच्या विहिरी हायेत. दिवाळीलोक काही होत नाही.” मग थोडे थांबून, समजुतीच्या स्वरात म्हणाले, “नाही नाही, तू आता रजा नोको टाकू. उगाच कायले सुनेले तरास?”

पलीकडून कोणी रजेचा विषय काढला असेल, असे मला वाटले नाही.