एक गुरू कमी

खुशालराव मास्तरांना एक गुरू कमी पडत होता, आणि तोही दुपारी तीनच्या आत हवा होता.

तीस वर्षं त्यांनी वृत्तातच कविता लिहिल्या. तेव्हा बाकीचे कवी त्यांना पाहून रस्ता बदलत. आता मात्र नव्या पोरांना छंदाचं आणि उदात्ताचं वेड लागलं, आणि अकोल्याच्या वृत्तबद्ध कविसंमेलनाचं बोलावणं चक्क राजापेठेत त्यांच्या दारी आलं. तिथं तीन वाजता वाचायची कविता थेट विश्वात्म्याला उद्देशून होती. भुजंगप्रयात, म्हणजे ओळीत चार वेळा लगागा: एक लघु, दोन गुरू. पण शेवटची ओळ 'मला सांग ना'पाशी लंगडायची. एक गुरू, एक दीर्घ अक्षर, काही केल्या सापडेना. 'रे' घालावा, तर 'रे कोंबणारे कवी गादीत कापूस भरतात' असं पत्र त्यांनीच पेपरात छापून आणलेलं!

एसटीत ते मांडीवर बोटं आपटत पुटपुटू लागले, "लगागा, लगागा..."

शेजारच्या सीटवरचे पुंजाजी दचकले. "काय लागलं गा?"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. 'रे'च्या जागी वऱ्हाडी 'गा' म्हणणाऱ्या पोराला ते वर्गाबाहेर उभं करत. "काही नाही," म्हणून ते पुन्हा सुरू झाले, "कुठे राहतो तू, मला सांग ना..."

"मी? दर्यापूरले."

"तुम्हाला नाही हो विचारलं!"

"मंग कोनाले इचारून राह्यले?"

"विश्वात्म्याला!"

पुंजाजी मागं वळून ओरडले, "अरे, अकोल्यात कोनी विश्वात्मा रायते काय? या भाऊले त्याचं घर सापडून नाई राह्यलं!"

झालं! अख्खी गाडी कामाला लागली. कोणी म्हणे जठारपेठेत पाहा, कंडक्टर म्हणे फोन लावा. या गलक्यात अकोला आलं, अक्षर काही आलं नाही. पुंजाजी सोबतच उतरले. घर सापडल्याशिवाय ते मास्तरांना सोडणार नव्हते.

सभागृह भरलेलं. अध्यक्षा ज्योत्स्नाताई हातात पेन्सिल घेऊन लघु-गुरू मोजत बसलेल्या. मास्तर उभे राहिले.

"नभाहून मोठा, युगांचा निवासी,
कुठे राहतो तू, मला सांग ना..."

आणि थांबले. पेन्सिलही थांबली. तीस वर्षांची अब्रू एका अक्षरावर लटकली.

शेवटच्या रांगेत पुंजाजींना राहवेना. उठून, छताकडे हात करून ते कळवळून ओरडले, "सांग ना गा!"

ज्योत्स्नाताईंनी बोटांवर मोजलं. "ग, ना, गा... लगागा! वा मास्तर! विश्वात्म्याला अशी घरची हाक कोणी मारली नव्हती!"

टाळ्याच टाळ्या. मास्तर खाली उतरले आणि मिळालेली शाल त्यांनी पुंजाजींच्या खांद्यावर टाकली.

"हे राहू द्या," पुंजाजी हळूच म्हणाले. "पयले सांगा, पत्ता देल्ला काय त्यानं?"

"नाही ना गा," मास्तर म्हणाले.