खामगावची भरती

खामगावला समुद्र नाही, हे देवरावकाकांना मान्य आहे. पण म्हणून भरतीची वेळ ठाऊक नसावी, हे त्यांना मान्य नाही. रोज सकाळी ते कोकणातल्या एका होडीवाल्याला फोन लावतात, वेळ विचारून घेतात आणि ओट्यावरून अख्ख्या गल्लीला सांगतात, "आज चार वाजून दहाले भरती हाय बाप्पा! ध्यानात ठेवजा."

आम्ही शेजारी नवे राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोने हे ऐकलं. आमच्याकडे माणूस भरती होतो तो दवाखान्यातच. तिने मुगाची खिचडी केली, डबा भरला आणि मला दवाखान्यात पिटाळलं. मी सगळे वॉर्ड पालथे घालून परत आलो, तर काका ओट्यावर मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून बसलेले. खिचडी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली आणि वर मलाच विचारलं, "पण मले दवाखान्यात काऊन धुंडलं तुम्ही?"

काका शिंपी. जन्मभर लोकांचे पायजमे शिवले, प्रवासाचा भारी कंटाळा. सुमनकाकूंच्या हट्टापायी एकदाच कोकणात गेले आणि समुद्र बघायला ज्या कोळीवाड्यात उतरले, तिथे नेमकं सिनेमाचं शूटिंग चाललेलं. गर्दीत एक बाई कमी पडत होती. दिग्दर्शकाने काकूंना उभं केलं. मासळीच्या वासाने नाकाला पदर लावणाऱ्या काकूंच्या डोक्यावर मासळीची टोपली आली. वाक्य एकच होतं. किनाऱ्याकडे धावत ओरडायचं, "होड्या आल्या गं!"

काकू झकास धावल्या आणि ओरडल्या, "होड्या आल्या वं!"

"मावशी, गं म्हणा."

"हाव," काकू म्हणाल्या आणि पुन्हा "वं".

असं करता करता पाणी मागे सरकलं, होड्या चिखलात बसल्या आणि सगळी मंडळी दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत खोळंबली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी दिग्दर्शकाने हात जोडले. "तिच्या जिभेले 'गं' मानवतच नव्हता," काका अजून अभिमानाने सांगतात.

सिनेमा आला तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले. पडद्यावर काकू धावल्या, पण तोंडातून भलत्याच बाईचा आवाज निघाला, "होड्या आल्या गं!" दोघंही पोट धरून हसले.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र कुठेच नाही, हे तेराव्यानंतर काकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून तो सिनेमा त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यांचं म्हणणं, त्या "गं"च्या मागे, लाटांच्या आवाजाखाली काकूंचं एखादं "वं" राहून गेलंय, आणि ते फक्त भरतीला ऐकू येईल. "ओहोटीले पाणी दूर जाते, मंग तिचा आवाज बी दूर जाते."

परवा त्यांनी मला बोलावलं. इयरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. गल्लीत बाया "कुठी चालली वं?" करत होत्या. काकांनी हातानेच त्यांना गप्प केलं. लाटा आल्या. काकू धावल्या. "गं." पुन्हा लाटा.

"आलं?" काकांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण जमलं नाही. "नाही, काका."

त्यांनी इयरफोनची वायर बोटाला गुंडाळली. "मले बी नाही आलं. अजून एकडाव बी नाही आलं." मग म्हणाले, "पण दोन दिवस वरडली ना ते. एखादं तं राह्यलं असंन."

मी माझ्या कानातलं टोक काढून त्यांच्या हातात दिलं.

"उद्या पाचले हाय," काका म्हणाले.

काल साडेचारला मी ऑफिसात टेबल आवरायला लागलो. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, "भरती आहे."

"अरे बापरे," साहेब म्हणाले, "निघा, निघा लवकर."