रामटेके भाऊंना प्रॉम्प्टर नको

रामटेके भाऊ कॉम्प्युटरशी भांडतात. पुटपुटत नाहीत, चांगलं खणखणीत भांडतात, आणि माझं टेबल नेमकं त्यांच्या शेजारी. "काऊन रे, मी बोलून राह्यलो ना? तू काऊन मधात तोंड घालून राह्यला?" हे ऐकून दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत जातं.

आमचं ऑफिस चंद्रपुरात. वडसा भागातल्या राईस मिलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. कोड लिहायचा म्हणजे एडिटर लागतो, आणि आजकालचे एडिटर असे, की तुम्ही दोन अक्षरं टाकली की पुढची ओळ तेच सुचवतात. आपण बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. सगळं जग खूश आहे, फक्त भाऊ नाहीत.

त्यांनी सगळे एडिटर वापरून पाहिलेत, आणि कुणी विचारो न विचारो, निकाल ऐकवतात. "तो एक, उघडेपर्यंत टपरीवरून तंबाखूचा खर्रा घोटून आणता येते. दुसरा पाह्यला का, जत्रेतलं बांगड्याचं दुकान, नुसते रंगच रंग. अन् हा नवीन, मी काय बोलणार हे याले माझ्याआधी माहीत." शेवटी काळ्या पडद्याचा, एक अक्षरही न सुचवणारा जुना एडिटर ते वापरतात, तोही दोन बोटांनी.

याचं मूळ म्हणे नाटकात आहे. तरुणपणी भाऊ हिवाळाभर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या नाटकांत काम करायचे. विंगेतला प्रॉम्प्टर इतक्या मोठ्यानं सांगायचा, की लोकांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू यायचा. एकदा मरणाच्या सीनमध्ये भाऊ मुद्दाम थांबले. प्रॉम्प्टरला वाटलं विसरले, त्यानं ओरडून वाक्य दिलं. मरायला टेकलेले भाऊ उठले, विंगेत जाऊन त्याला दोन ठेवून आले, आणि परत येऊन मेले.

ऐकायला मजा वाटते. पण धानाचा सीझन सुरू झालाय, मिलवाले फोनवर शिव्या घालताहेत आणि भाऊंचं काम अर्ध्यावर आहे, तेव्हा कसली मजा? माझं डोकं फिरायचं. त्यांच्या पाठीशी उभं राहून पुढचा शब्द सांगितला, की ते कीबोर्डवरून हातच काढून घ्यायचे. "प्रॉम्प्टर बंद कर, मंग लिहतो."

शेवटी आमचे मालक मोहुर्ले सर तापले. सोमवारपासून सगळ्यांनी नवीन एडिटर वापरायचा, नाहीतर भाऊंनी घरी बसायचं. आणि हे सांगायला पाठवलं कुणाला, तर मला.

रविवारी सकाळी धुसफुसतच त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं सुजाताबाईंनी, भाऊंच्या बायकोनं. त्यांना लकवा मारला होता हे ऐकून होतो. बोलणं इतकं अडकतं, हे माहीत नव्हतं. मला बसवून त्या म्हणाल्या, "हा... हाफि..."

"ऑफिसचं काम होतं, बाई," मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली.

भाऊ चहा घेऊन आतून आले. "विलास, तिले बोलू दे." त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सारेच मधात तोंड घालतेत. जावई घालते, डॉक्टर घालते, शेजारीन घालते. मंग सुजाता बोलतच नाई."

मग आम्ही थांबलो. चहावर साय आली. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली, ती मी गिळली. भाऊ नुसते बायकोच्या तोंडाकडे पाहत बसले होते.

"हाफिसात... हे... लय... वरडतेत का?"

"नाई बाई," मी म्हणालो. "लय शांत माणूस आहे."

त्या हसल्या. भाऊ कपात तोंड घालून बसले. एडिटरचा विषय मी काढलाच नाही.

सोमवारी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सांगितलं का त्याले?"

"सर, भाऊ त्यांच्याच एडिटरवर..."

"म्हणजे तो ऐकत नाई, असंच ना? मंग आजपासून..."

मी टेबलावर हात आपटला. "सर, माझं बोलणं पुरं होऊ द्या."

मालकांनी हात बांधले. आणि पुढचं मला सुचेना. शेजारची दोन बोटांची टकटक थांबली होती. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते, काल बायकोकडे पाहत होते तसेच. एक शब्द त्यांनी सुचवला नाही.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "भाऊ गेले, तर मी बी चाललो."