शुक्रवारची चर्चा

शंतनु बायकोला, श्वेताला घेऊन चिकमगळूरला निघाला होता आणि त्याच वेळी ऑफिसच्या कामावरही हजर होता. हे कसं जमतं, ते त्यानं जाताजाता वडिलांना दाखवलं.

"बाबा, माझ्या नावापुढचा हा हिरवा ठिपका. माऊस हलत राहिला की हा हिरवा राहतो. म्हणजे मी लॅपटॉपसमोर आहे."

"आणि नाही हलला तर?"

"पिवळा होतो. अभिमन्यू सरांनी लीव्ह नाकारलीय. कळलं तर जॉब जाईल. तुम्ही फक्त माऊस हलवत राहा."

वासुदेवरावांचा जन्म कारखान्यात गेला. तिथं माणूस नसला की यंत्र थांबायचं. इथं माणूस गाडीत बसून गेला, तरी ठिपका हिरवाच. ते बघतच राहिले. पत्नी गेल्यावर ते बंगळुरात मारतहळ्ळीला मुलाकडे राहायला आले, तेव्हापासून एवढं जबाबदारीचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी चहासुद्धा डाव्या हातानं प्यायला.

थोड्या वेळानं लॅपटॉप वाजू लागला. पडद्यावर नाव आलं, अभिमन्यू. बंद करायच्या गडबडीत वासुदेवरावांनी नेमका कॉल उचलला. समोर एक वयस्कर बाई अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अय्यो, लागला का? माऊस हलवताना दाबलं गेलं बघा, अण्णा."

"शंतनु बाथरूममध्ये आहे," वासुदेवराव घाईनं म्हणाले.

"असू दे. आमचा अभिमन्यूपण मीटिंगात आहे." बाईंनी एक शेंग सोलली. "गोकर्णाला."

वासुदेवरावांचा जीव भांड्यात पडला. "आमचा चिकमगळूरला."

"सरी, ठीक आहे. मी राजलक्ष्मी, त्याची आई. बनशंकरीला असते."

तेवढ्यात वासुदेवरावांचं लक्ष ठिपक्याकडे गेलं. "अहो, लाल झाला. गेली नोकरी."

"लाल म्हणजे कॉलवर आहे. बोलत राहिलं की माऊसला हात लावायला नको."

वासुदेवराव थक्क झाले. नुसतं बोलायचं, आणि दोन नोकऱ्या वाचतात.

मग दोघांनी त्या नोकऱ्या संध्याकाळपर्यंत वाचवल्या. बोलण्यात गुडघे झाले, त्यांचे यजमान झाले, यांची पत्नी झाली. मध्येच राजलक्ष्मीबाईंनी विचारलं, "जेवलात का? स्वल्प काहीतरी घेऊन या. मी आहे इथं." वासुदेवराव ताट घेऊन पडद्यासमोरच बसले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला.

सोमवारी शंतनुनं लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, शुक्रवारी मी दिवसभर सरांशी बोलत होतो असं दिसतंय."

वासुदेवराव तोंड उघडणार, तोच फोन वाजला.

"शंतनु," अभिमन्यूचा आवाज जरा चाचरत होता, "शुक्रवारचं आपलं डिस्कशन..."

"हो सर. फार उपयोगी झालं."

पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. "मलाही तसंच वाटलं. दर शुक्रवारी ठेवू या का? दिवसभर?"

"चालेल सर."

फोन ठेवून शंतनु वडिलांकडे वळला. वासुदेवरावांनी दाराला अडकवलेली पिशवी काढली.

"येत्या शुक्रवारी तुम्ही दोघं लांब कुठंतरी जाऊन या," ते चपला घालत म्हणाले. "मी शेंगा आणून ठेवतो."