पॉइंट नंबर सतराची खरी प्रत

समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक नौकेच्या जीपीएस यंत्रातील स्मृतिपत्राची, म्हणजे त्या नखाएवढ्या मेमरी कार्डाची, एक अनुप्रत शासनाकडे सुरक्षित असावी, असा निर्णय सागरी स्मृती संवर्धन कक्षाने घेतला. तो कोळ्यांच्या भल्यासाठीच घेतला होता. खारं पाणी लागून कार्ड बिघडलं तर बिचाऱ्या नाखव्याने जायचं कुठे? अनुप्रतींना समुद्राचा धोका पोहोचू नये म्हणून कक्ष घाटकोपरला, तिसऱ्या मजल्यावर स्थापण्यात आला. जो कार्ड जमा करणार नाही त्याला मासेमारीचा परवाना मिळणार नव्हता.

अंधेरीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात रामचंद्र नाखव्याने कक्षाची नोटीस तीनदा वाचली आणि यंत्रातलं कार्ड काढून कनवटीला लावलं. कारण, पॉइंट नंबर सतरा. त्याच्या कार्डात चौतीस जागा साठवलेल्या होत्या. कुठे खडकावर जाळं फाटतं, कुठे बुडालेलं गलबत आहे, असल्या. पण सतरा नंबरवर रावस लागायचा. ती जागा त्याच्या बापाने डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून हुडकली होती. आता टॉवरांमागे ना डोंगर दिसत होता ना कळस, त्यामुळे बापाची ती इस्टेट फक्त कार्डात उरली होती. अख्खा हंगाम तिच्यावर तरायचा. रामचंद्रने ती सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती.

"सरकारला दिली म्हणजे गावाला दिली," तो बायकोला म्हणाला. "वाट लागली गो, कमळ!"

कमळ तीस वर्षं मासळी बाजारात बसलेली बाई. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "किनाऱ्यावर कोणी विचारलं, रावस कुठं लागला, तर तुम्ही काय करता?"

"उलट्या दिशेला हात करतो."

"मग सरकारलापण तसाच हात करा ना!"

रामचंद्रला बायकोचा अभिमान वाटला. दुपारभर बसून त्याने चौतीसच्या चौतीस पॉइंट तीन मैल उत्तरेला सरकवले. खरे आकडे कागदावर लिहून ठेवायची गरजच काय? समुद्रात गेलं की तीन मैल दक्षिणेला यायचं, झालं. ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचली अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्या आठवड्यात दोनशे बारा नाखवे आपापल्या घरी दार लावून हेच करत बसले होते. विपुल नाखव्याची तर वेगळीच पंचाईत. अर्जात किमान वीस पॉइंट मागितले होते आणि त्याच्याकडे होते एकोणीस. त्याने विसावा म्हणून भांडुपमधलं सासूबाईंचं घर टाकलं.

दोनशे बारा कार्डं कक्षाकडे जमा झाली. अनुप्रती निघाल्या, त्यांवर शिक्के पडले. मग वरिष्ठांच्या लक्षात आलं, की प्रत्येक कार्डात वेगळीच माहिती आहे. एकाच समुद्राबद्दल दोनशे बारा मतं? ही शिस्त नव्हे. म्हणून सगळ्या नोंदींची एक प्रमाणित एकत्रित यादी करण्यात आली, तिला नवे क्रमांक दिले आणि ती सर्वांच्या कार्डांवर चढवून कार्डं सन्मानपूर्वक परत करण्यात आली.

रामचंद्रने होडीत कार्ड घातलं, सतरा नंबर दाबला आणि यंत्राने बाण दाखवला तो जमिनीकडे. त्याने यंत्राला दोन थपडा मारून पाहिल्या, पण बाण हलला नाही. सतरा नंबर आता भांडुपला होता. बाकी चार हजार पॉइंटांमध्ये आपलं खोटं कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं, हे ओळखणार कसं? खरं गेलंच होतं, पण ज्या खोट्याला धरून खऱ्यापर्यंत जायचं ते खोटंही गेलं. बाप वारला तेव्हा रडला नसेल इतका रामचंद्र त्या दिवशी होडीत बसून रडला.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. 'प्रमाणित पॉइंट क्र. १७ येथे आपली नौका एकदाही गेल्याचे आढळून येत नाही. खुलासा करावा.'

तो मेट्रोने घाटकोपरला गेला. तिथले लिपिक दत्ताराम हे मूळचे मालवणकडचे, माणूस म्हणून अगदी मऊ. त्यांनी चहा पाजला.

"साहेब, भांडुपला होडी कशी नेऊ? तिथं पाणी नाही!"

"माका म्हायत हा रे," दत्ताराम म्हणाले. "मी थंयच रवतंय. पण फायलीक म्हायत नाय. पाणी नाय असो दाखलो हाड."

दाखल्यासाठी रामचंद्र भांडुपच्या पाणी खात्यातल्या एका इंजिनिअरकडे गेला. इंजिनिअरने अर्ज वाचला आणि घाबरून दार बंद केलं. "भांडुपमध्ये पाणी नाही असं मी सहीनिशी लिहून देऊ? उद्या हंडे घेऊन बायका इथे येतील! नोकरी घालवतो काय माझी?"

शेवटी मार्ग विपुलनेच दाखवला. कक्ष यंत्राची नोंद बघतो, होडीची नव्हे. रामचंद्रने यंत्र बॅटरीसकट मांडीवर घेतलं आणि रिक्षाने भांडुप गाठलं. विपुलच्या सासूबाईंनी दार उघडलं, यंत्राकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही एकशे एकोणिसावे! बसा, पण चहा विचारू नका, दूध संपलंय." नौका सतरा नंबरवर वीस मिनिटं थांबल्याची नोंद झाली. कक्षाने समाधान कळवलं.

पण रावस? हंगाम चालला होता. सतरा नंबरची जुनी नोंद, निदान तिचं खोटं रूप तरी, आता एकाच ठिकाणी होती, कक्षातल्या अनुप्रतीत. तो पुन्हा तिसरा मजला चढला.

"साहेब, माझी अनुप्रत द्या."

"मूळ कार्ड हरवला तुझा?"

"नाही, हे काय खिशात आहे."

"मगे बॅकअप कित्याक होयो?"

"कार्ड आहे, पण आतलं सगळं तुम्हीच पुसलंत ना!"

"पुसूक नाय. सुधारला." दत्तारामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक वाट आसा. माझे चौतीसय पॉइंट खरे आसत, असा प्रतिज्ञापत्र दी. खोटा ठरला तर परवानो कायमचो रद्द."

रामचंद्रने पेन उचललं. साऱ्या आयुष्यात त्याने किनाऱ्यावर हात केले होते, पण शपथेवर कधी नाही. त्याने बापाचं नाव मनात घेतलं आणि सही केली.

अनुप्रत हातात पडली. दुसऱ्याच दिवशी ती यंत्रात घालून तो आपल्या जुन्या खोट्या सतरा नंबरवर पोचला, तिथून तीन मैल दक्षिणेला आला, जाळं टाकलं, आणि आई एकवीरेची कृपा, जाळं ओढताना होडी कलली! रावसच रावस. रामचंद्र होडीत अक्षरशः नाचला.

बाजारात कमळने परात मांडली. नव्या नियमाप्रमाणे परातीपुढे चौकोनी कोड होता. तो मोबाइलने टिपला, की जाळं पडलं ती जागा ग्राहकाला दिसायची. शेजारी विपुलची बायको कल्पिता बसली होती. विपुलने होडी बांधून ठेवली होती. मासळी ट्रकमधून यायची, बर्फात आठ दिवस झोपून. यंत्र मात्र कायमचं सासूबाईंच्या टीव्हीवर ठेवलेलं होतं.

एक गिऱ्हाईक आलं. कमळने रावसाचा कल्ला उघडून दाखवला, लालभडक. "घ्या ओ, पहाटेचा आहे. हात लावून बघा, कसा कडक आहे!"

गिऱ्हाइकाने हात लावला नाही, मोबाइल लावला. पडद्यावर लाल फुली आली. 'नाखव्याच्या शपथपत्रातील चौतीस जागांत ही जागा नाही. सबब येथे मासा आढळत नाही.'

शेजारच्या परातीवर मोबाइल नेला. हिरवी खूण. 'पॉइंट क्र. १७. प्रमाणित.' त्या रावसाचे डोळे आत गेले होते आणि वास नाक्यापर्यंत पोचला होता. पण हिरवी खूण म्हणजे हिरवी खूण. कल्पिताने दोन किलो कापून दिले. गिऱ्हाईक जाता जाता कमळला म्हणालं, "फसवायचे दिवस गेले हो मावशी, आता आम्ही शिकलोय."

कमळने संध्याकाळी परातभर ताजा रावस मांजरांना टाकला. 

आता तुम्ही नाक मुरडून विचाराल, कोण हो ते गाढव? नाव काही कळलं नाही. पण कापडी पिशवीवर सोसायटीचं नाव छापलेलं होतं, ते कमळने नीट वाचलंय. तुमचीच सोसायटी. त्या दिवशीचं कालवण कसं झालं होतं?